‘कॅप्टन अमेरिका’चा कर्ता कोण?

१९६०च्या दशकातील अमेरिकी दूरचित्रवाणीने वाहनाला पात्राचा दर्जा दिला. १९६६ ते १९६८ या काळात दाखवल्या गेलेल्या ‘बॅटमॅन’ मालिकेतील मोटार घडवणारे जॉर्ज बॅरिस यांचे नाव शौकिनांच्या तोंडी आजही असते. त्याच मालिकेत यामाहाच्या मोटरसायकलीला साइडकार जोडून सजवलेली ‘बॅटसायकल’ही होती. ‘देन केम ब्रॉन्सन’ (१९६९-७०) ही मालिका तर एक भटका नायक आणि त्याची हार्ले-डेव्हिडसन एवढ्याच भांडवलावर उभी होती. मात्र या कुळातील सर्वांत ख्यातनाम यंत्र छोट्या पडद्यासाठी नव्हे, तर ‘ईझी रायडर’ या १९६९च्या चित्रपटासाठी बांधले गेले. ‘कॅप्टन अमेरिका’ या नावाने ओळखली जाणारी ही मोटरसायकल विसाव्या शतकातील अमेरिकेच्या मोजक्या दृश्यप्रतीकांपैकी एक आहे. आणि तिच्या कर्त्यांची नावे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाहीत.

चित्रपट सर्वपरिचित आहे. वायट आणि बिली हे दोन तरुण अमली पदार्थांच्या एका व्यवहारातून मिळालेला पैसा घेऊन कॅलिफोर्नियाहून न्यू ऑर्लिन्सच्या मार्डी ग्रा उत्सवाकडे निघतात. पीटर फोंडा निर्माते आणि नायक, डेनिस हॉपर दिग्दर्शक आणि उपनायक. चार लाख डॉलरच्या आतबाहेर खर्चात झालेल्या या चित्रपटाने कोट्यवधी डॉलर मिळवले, १९६९च्या कान महोत्सवात पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा पुरस्कार पटकावला, आणि पटकथेसाठी फोंडा, हॉपर व टेरी सदर्न यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. संहितेच्या श्रेयावरून या तिघांत पुढे बराच कलह झाला. तो समीक्षकांनी चवीने चघळला. मोटरसायकलींच्या श्रेयाचा प्रश्न मात्र दीर्घकाळ कोणाला प्रश्नच वाटला नाही.

वास्तविक या चित्रपटात संवादांपेक्षा ही यंत्रेच अधिक बोलतात. ‘चॉपर’ या शब्दातच छाटणे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी तरुण जड हार्ले गाड्यांवरचे अनावश्यक भाग उतरवून त्या हलक्या करू लागले. पुढे ही काटछाट वेगासाठी न राहता रूपासाठी होऊ लागली. ‘कॅप्टन अमेरिका’ हे त्या शैलीचे टोक म्हणावे लागेल. तिचा पुढचा फोर्क मूळ मापापेक्षा सुमारे फूटभर लांब, तोही बराच कललेला. सांगाडा क्रोमचा मुलामा दिलेला. मागच्या चाकाला सस्पेन्शन नाही, पुढच्या चाकाला ब्रेक नाही, मडगार्ड नाही. आसनामागे उंच उभा दांडा. अशा गाडीवर बसणे म्हणजे सुख नव्हे, ती एक मुद्रा आहे. हात वर, पाय पुढे, छाती वाऱ्याला. टाकीवर राष्ट्रध्वजाचे तारे आणि पट्टे रंगवलेले, आणि चित्रपटाच्या आरंभी वायट नोटांची गुंडाळी प्लास्टिकच्या नळीत भरून त्याच टाकीत दडवतो. ध्वजाच्या पोटात काळा पैसा! प्रतिमेचे इतके नेमके भान पटकथेत इतरत्र क्वचितच आढळते.

ही प्रतिमा आली कुठून? फोंडा यांच्या मुलाखतींतून अनेक वर्षे त्यांच्या स्वतःच्या कल्पनेचाच उल्लेख येत राहिला. पुढे उजेडात आलेली हकीकत वेगळी आहे. गाड्यांची आखणी व देखरेख क्लिफर्ड व्हॉझ यांची आणि प्रत्यक्ष बांधणीतला मुख्य हात बेन हार्डी यांचा. दोघेही कृष्णवर्णीय. हार्डी यांचे दुकान लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय वस्तीत होते आणि आसपासच्या तरुणांचे ते जणू गुरुकुलच होते. लॉस एंजेलिस पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या हार्ले विकत घेण्यात आल्या. त्यांतून ‘कॅप्टन अमेरिका’च्या दोन आणि बिलीच्या दोन अशा चार गाड्या उभ्या राहिल्या. ज्या यंत्रांवर बसून पोलीस गस्त घालत होते, त्यांतूनच बंडखोरांचे वाहन निघाले, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला कृत्रिम ठरवले असते.

व्हॉझ यांची ओळख एवढ्याने संपत नाही. ते १९६०च्या दशकातील नागरी हक्क चळवळीतील अग्रणी विद्यार्थी संघटना ‘एसएनसीसी’चे कार्यकर्ते आणि छायाचित्रकार होते. त्या काळात आपली चॉपर घेऊन ते दक्षिणेतल्या राज्यांतही हिंडले. पिकअप ट्रकमधून गोऱ्या माणसांनी आपला पाठलाग केल्याचे, गोळ्या झाडल्याचे त्यांनी नंतर सांगितले आहे. ज्यांनी ‘ईझी रायडर’चा शेवट पाहिला आहे, त्यांना येथे क्षणभर थांबावे लागेल. लुइझियानातील रस्त्यावर पिकअप ट्रकमधले दोघे गंमत म्हणून बंदूक उचलतात. आधी बिली आणि मग वायट मारला जातो, आणि ती झळाळती गाडी पेटते. व्हॉझ यांच्या आठवणीतून हा प्रसंग घेतला, असा दावा करण्याइतका पुरावा नाही, आणि तो करण्याची गरजही नाही. पण पडद्यावर गोऱ्या तरुणांच्या वाट्याला आलेले प्राक्तन ज्याने प्रत्यक्ष अनुभवले होते, तो माणूस निर्मितीच्या सुरुवातीच्या टप्प्यात या चित्रपटाबरोबर होता. पुढे त्याला दूर व्हावे लागले. अमेरिकेचा शोध घ्यायला निघालेल्या या कथेत कृष्णवर्णीय माणसाला बोलते पात्र म्हणून जवळपास जागाच नाही, ही उणीव या माहितीनंतर केवळ उणीव उरत नाही.

याउलट अनुकरण करणाऱ्यांना नाव आणि नफा दोन्ही मिळाले. चित्रपटानंतर जगभर चॉपरची लाट आली. १९७१ साली हार्ले-डेव्हिडसनने विली डेव्हिडसन यांनी आखलेली ‘सुपर ग्लाइड’ बाजारात आणली आणि गल्लीबोळातील गॅरेजांमध्ये जन्मलेली शैली कारखान्यातून अधिकृतपणे बाहेर पडली. तिच्या एका रंगसंगतीत तांबडा, पांढरा, निळा हेच रंग होते.

आता मूळ यंत्रांची गोष्ट. चारपैकी तीन गाड्या चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच चोरीला गेल्या. बहुधा सुटे भाग होऊन त्या कुठल्या कुठल्या गाड्यांत विरून गेल्या असाव्यात. शेवटच्या दृश्यात मोडलेली एक तेवढी उरली. तिचे अवशेष डॅन हॅगर्टी यांच्याकडे आले. हे गृहस्थ पुढे दूरचित्रवाणीवर ‘ग्रिझली अॅडम्स’ म्हणून लोकप्रिय झाले. त्यांनी त्या अवशेषांवरून गाडी पुन्हा उभी केली. म्हणजे ‘मूळ’ म्हणून जी गाडी शिल्लक आहे, ती पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर त्रुटित प्रतीवरून सिद्ध केलेली आवृत्ती आहे. कोणता भाग मूळचा आणि कोणता क्षेपक, हे संपादकाच्या शब्दावर मानायचे. ही गाडी आयोवा राज्यातील अनामोसाच्या मोटरसायकल संग्रहालयात (२०२३ मध्ये ते बंद झाले) अनेक वर्षे लोकांनी पाहिली. ऑक्टोबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात तिचा लिलाव झाला. अखेरची बोली होती साडेतेरा लाख डॉलरची.

लिलावाच्या सुमारास एक अडचण पुढे आली होती. टेक्सासमधील एका संग्राहकाकडेही ‘अस्सल कॅप्टन अमेरिका’ होती, तीही १९९०च्या दशकापासून, आणि तिलाही हॅगर्टी यांचेच प्रमाणपत्र होते. दोन्ही गाड्यांना आपण प्रमाणित केल्याचे त्यांनी मान्य केले. दोन प्रती, दोघींवर एकच सही. साहित्याच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. हस्तलिखितांच्या बाजारातही हेच घडत आले आहे. येथे लक्षणीय आहे ते हे की लाखो डॉलरचा हा वाद सर्वस्वी सहीभोवती फिरत राहिला. सांगाड्याचे जोडकाम कोणत्या हाताचे, हा प्रश्न अस्सलपणा ठरवायला खरे तर अधिक उपयोगाचा होता. पण तो विचारायचा तर आधी त्या हाताला नाव असावे लागते.

हार्डी १९९४ मध्ये वारले, तेव्हा ते नाव त्यांच्या परिसराबाहेर फारसे कोणी ऐकले नव्हते. चॉपरच्या इतिहासावरील पुस्तकांमधून आणि २०१४च्या सुमारास झालेल्या वृत्तांकनातून दोघांची नावे सर्वदूर पोहोचली. व्हॉझ तोवर कित्येक वर्षे शिडाच्या बोटीवर राहून परतले होते. २०१६ मध्ये त्यांचेही निधन झाले. हॅगर्टीही त्याच वर्षी गेले, फोंडा २०१९ मध्ये.

व्हॉझ यांचे एक छायाचित्र मात्र ‘ईझी रायडर’च्या आधीपासून प्रसिद्ध आहे. मे १९६४, केंब्रिज, मेरीलँड; छायाचित्रकार डॅनी लायन. नॅशनल गार्डचे सैनिक एका तरुणाला धरून ओढत आहेत, आणि त्याचे सहकारी त्याला उलट दिशेने घट्ट पकडून आहेत. छायाचित्राखालच्या ओळीत त्या तरुणाचे नाव पूर्ण दिलेले आहे.