एक लेडीज, एक अवलिया

जून २०२० मध्ये आमच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर एकाएकी गुलाबी झालं. तेव्हा मी एका टिपणात लिहिलं होतं, 'हा बॅक्टेरिया रंग सोडतो.' एका शिक्षक मित्राचा लगेच फोन आला. "अहो, बॅक्टेरिया अनेकवचन. एक असेल तर बॅक्टेरियम!" चूक माझीच होती. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून हॅलोआर्किया हे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव कारण असल्याचं सांगितलं. ते बॅक्टेरिया नव्हेतच, म्हणजे चुकलो आम्ही दोघंही. बाकी आर्किया हेसुद्धा अनेकवचनच!

डेटा, मीडिया, अजेंडा हीदेखील मुळात लॅटिन अनेकवचनं. आपण 'डेटा आला', 'मीडिया विकला गेला' असं बेधडक म्हणतो. खुद्द इंग्रजांनी अजेंडा एकवचनी करून टाकला. आणि आपल्या एसटीत तर 'एक लेडीज उभी आहे' असं रोज ऐकू येतं.

मित्र फोन ठेवताना म्हणाला, "सरोवराचा अहवाल आला की पाठवा." मला हसू आलं. अहवाल हे 'हाल' या अरबी शब्दाचं अनेकवचन. अरबीत बऱ्याच शब्दांना अनेकवचनासाठी शेपूट लागत नाही, शब्द आतूनच मोडतो. वलदचं औलाद, अमीरचं उमरा. फारसी दफ्तरांतून हे शब्द मराठीत आले आणि इथल्या माणसांनी व्याकरण न विचारता वापरले. म्हणून आपल्याकडे 'एक उमराव' असतो आणि 'एकुलती एक अवलाद'ही. सगळ्यात गंमत कवायतीची. कायदाचं अनेकवचन कवाइद, म्हणजे नियम. मराठीत कायदा कोर्टात गेला आणि कवायत शाळेच्या मैदानावर.

लहानपणी मी असल्या शब्दांवरून दोन्हीकडून बोलणी खाल्ली आहेत. घरी थोरले चुलते म्हणायचे, तुझी मराठी आपल्या जबानची वाट लावते. वर्गात ऐकायला मिळायचं, हे तुमचे शब्द, मराठीत आणू नका. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला, सावरकरांनी तारखेला दिनांक दिला. प्रयत्न मोठे होते. पण सरकारी कचेरीतला अहवाल हलला नाही, आणि लग्नाची अजून तारीखच निघते.

माझा जीव मात्र 'अवलिया' या शब्दात अडकला आहे. वलीचं अनेकवचन औलिया, म्हणजे अल्लाहचे अनेक मित्र. हे एकवचन करण्यात मराठी एकटी नाही, दिल्लीचे हजरत निजामुद्दीनही औलियाच. आमच्या जिल्ह्यात पिंपळगाव सराईला सैलानी बाबांचा दर्गा आहे आणि शेगावला गजानन महाराजांची समाधी. लोक दोघांनाही अवलियाच म्हणतात. हा शब्द 'तुमचा' की 'आमचा', हे शेगावच्या रांगेतल्या माणसाला विचारून बघा.

हे सगळं मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "मग पोरांना एक बॅक्टेरिया लिहू देऊ?"

"नको," मी म्हणालो. "पेपरात बॅक्टेरियमच लिहायला लावा, मार्क जातील. फक्त कुणी बोलताना चुकलं तर त्याला हसू नका."


"आणि कवायत?"

"ती उद्या सकाळी सातला, मैदानावर."