डोहाला सातबारा नसतो

उजनीतला मासा पहिल्यापासनंच इथला, असं आताच्या पोरांना वाटतं. तसं नाही. धरण पुरं झालं १९८० साली. त्याआधी इथं वाहती भीमा होती आणि तिच्यातली मासळीही वेगळी होती.

उन्हाळ्यात नदी आटली की डोह तेवढे उरायचे. डोह भोयांचे. कुठल्या कपारीत वांब बसते, कुठं मरळ पिल्लं काढते, हे त्यांना घरातल्या कोनाड्यांसारखं ठाऊक. आम्ही खळ्यावर त्यांच्या पदरात ज्वारी घालायचो, ते मासळी आणून द्यायचे.

त्या मासळीची नावं मात्र लांब पोचली. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी १८२४ पासनं मुंबई सरकारसाठी दख्खनची मोजदाद करत फिरत होता. पिकं, पाखरं, मासे, सगळं त्यानं टिपून ठेवलं. भीमा आणि तिला मिळणाऱ्या मुळा-मुठेकडच्या माशांना शास्त्रातली नावं देताना त्यानं इथल्याच लोकांच्या तोंडचे शब्द उचलले. खुदरी, कोळस, ताकरी. १८३९ साली ती लंडनला छापली गेली. शास्त्राच्या पुस्तकात आजही ती तशीच आहेत.

मग धरण आलं. ११७ टीएमसी पाणी. त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठ्यात, पण कडक दुष्काळ पडला की तळाचं ते पाणीही वापरलं जातं. गावं उठली, रानं बुडाली. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं, ते उन्हाळा कडक पडला की डोकं वर काढतं. साठलेलं पाणी वाहत्या पाण्यातल्या माशाला मानवत नाही. मग त्यात गंगेकडचे कटला, रोहू सोडले. हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात दुसऱ्या माशाच्या डोक्यातल्या ग्रंथीचा रस टोचून त्यांची अंडी मिळवली, तेव्हापासनं मत्स्यबीज तयार करता येऊ लागलं. चिलापी तर आफ्रिकेची. ती १९५२ ला भारतात आली. मादी अंडी तोंडात धरून सांभाळते, त्यामुळे तिची पैदास दणक्यात होते. आज बाजारात ढीग लागतात ते तिचेच.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी माझ्या भोई मित्राबरोबर पाण्यात गेलो होतो. आम्ही एका वर्गातले. तो पत्र्याची होडी सावकाश वल्हवत होता, मागं गळाची लांब दोरी सोडलेली, गळाला बारकी मासोळी. मध्येच त्यानं वल्हं थांबवलं.

"हितं तुझं मळीचं रान व्हतं बघ."

मी खाली बघितलं. हिरवं पाणी, दुसरं काही नाही.

थोडं पुढं जाऊन म्हणाला, "अन् ह्यो आमचा डोह. तुमाला येळ लागला, पर पैका गावला. आमाला कुणी इचारलंबी न्हाई. डोहाला कुठं सातबारा आसतो गड्या?"

मी काय बोलणार? माझ्या बापाला मोबदला कमीच मिळाला, कोर्टाच्या खेपा झाल्या, पण भांडायला हातात कागद होता. त्याच्या बापाकडं जाळं होतं, आणि त्या जाळ्याला एवढं खोल पाणी पुरं पडेना.

तेवढ्यात दोरीला हिसका बसला. दोघांनी मिळून ओढली. शिंगाळा निघाला, हातभर लांब, मिशा वळवळत. मित्र त्याच्याकडं बघून हसला. "ह्यो जुना गाववाला. ह्येला न्हाई उठवता आलं कुणाला."

त्याचा नातू आता याच पाण्यावर जाळी टाकतो. कटला, रोहू, चिलापी त्याला पाठ आहेत. खुदरी म्हटलं की तो आज्याच्या तोंडाकडं बघतो.

आमच्या रानाची नोंद तलाठ्याच्या जुन्या दप्तरात अजून सापडते. भोयांच्या नदीची नोंद काढायची म्हटली, तर ती त्या दोन-चार माशांच्या नावांत तेवढी उरलीय.