नाडीचा काच

आपल्या भाषेत 'काच' दोन ठिकाणी हमखास भेटतो. एक सासूचा आणि दुसरा परकराच्या नाडीचा. (खिडकीची ती वेगळी, ती स्त्रीलिंगी!) पहिल्या काचावर ओव्यांपासून मालिकांपर्यंत ढीगभर मजकूर आहे. दुसऱ्यावर लिहिलं ते डॉक्टरांनी, तेही कॅन्सरवर काम करणाऱ्या. आणि त्यातलं बरंचसं आपल्या मुंबईत आणि विदर्भात लिहिलं गेलं. मी डॉक्टर नाही, पण जुन्या संशोधनाच्या गोष्टी शोधत बसायची खोड आहे, आणि ही गोष्ट घरातल्या सगळ्या बायकांपर्यंत पोचावी असं फार वाटतं. म्हणून हा प्रपंच.

परळचं टाटा हॉस्पिटल सुरू झालं १९४१ मध्ये. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा होती डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे. भारतातल्या पॅथॉलॉजीचे ते जनक मानले जातात, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १९४५ मध्ये त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी एका अमेरिकन नियतकालिकात एक लेख लिहिला. त्याच्या इंग्रजी नावाचं मराठी करायचं तर 'वहिवाटीतून होणारा कॅन्सर : भारतातले तीन नवे प्रकार' असं होईल. मूळ शब्द 'यूसेजेस' आहे. त्याला रूढी, सवय, रिवाज असे बरेच शब्द सुचतात, पण मला 'वहिवाट'च आवडला. रोज त्याच वाटेने गेल्यावर गवत मरून जी पायवाट पडते ना, तसंच काहीसं इथे कातडीचं होतं.

या प्रकारांपैकी एक म्हणजे खैनीचा. तंबाखू आणि चुना मळून ओठाच्या आत धरून ठेवणाऱ्यांना नेमका तिथेच होणारा. आणि दुसरा 'धोती कॅन्सर'. धोतर कमरेला जिथे आवळून नेसतात त्या रेषेवर कातडीला होणारा कॅन्सर. (लेख मुंबईत लिहिला तरी नाव 'धोतर कॅन्सर' पडलं नाही याची मला उगीचच हुरहूर वाटते. असो.)

धोतराला ना बटण ना पट्टा. सगळा भार कमरेच्या एका वेढ्यावर. जाडंभरडं कापड, घाम, धूळ, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यावर दाब. आधी तिथली कातडी काळवंडते, जाड होते, खवले धरते. मग काही जणांत रंग उडून पांढरट होते, पातळ होते, भेगाळते. भेग भरते न भरते तोच दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वेढा. अशी वीस-तीस वर्षं गेल्यावर एखाद्याची जखम भरायचं नावच घेत नाही, कडा उचललेल्या, तळ कडक. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा कॅन्सर.

माणसाची सवय आणि कॅन्सरची जागा यांची सांगड घालायची पद्धत तशी जुनी. १७७५ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट या सर्जनने धुराडी साफ करणाऱ्यांना वृषणाच्या कातडीवर होणारा कॅन्सर काजळीमुळे होतो असं लिहून ठेवलं. ही पोरं लहानपणापासून धुराड्यांत शिरत, काजळी घड्यांत साचून राही. पण मला जास्त जवळचं वाटतं ते काश्मीरचं उदाहरण. तिथे थंडीत मातीच्या भांड्यात निखारे घालून, त्याला वेताची विणलेली टोपली करून, फेरनच्या आत पोटाशी धरतात. ती कांगडी. १८६६ मध्ये विल्यम एल्म्स्ली नावाच्या स्कॉटिश मिशनरी डॉक्टरने 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये लिहिलं की काश्मिरी लोकांत पोटावर आणि मांड्यांवर जो कॅन्सर दिसतो तो या कांगडीच्या शेकाचा परिणाम आहे. पुढे श्रीनगरच्या मिशन हॉस्पिटलात आर्थर आणि अर्नेस्ट नीव्ह या भावांनी वर्षानुवर्षं असे रुग्ण तपासले, त्यांच्यावर शस्त्रक्रिया केल्या, नोंदी ठेवल्या.

यातली गंमत बघा. गोऱ्या लोकांत कातडीचा कॅन्सर होतो तो बहुधा उन्हाने, म्हणजे चेहऱ्यावर, कानांवर, हातांवर. जे उघडं असतं तिथे. आपल्या कातडीतलं मेलॅनिन उन्हापासून बऱ्यापैकी राखण करतं, त्यामुळे भारतात कातडीचा कॅन्सर एकुणात कमीच. पण एल्म्स्लीने आणि खानोलकरांनी दाखवलेले कॅन्सर होते झाकलेल्या जागी. फेरनच्या आत, धोतराच्या आत. इथे ऊन पोचतच नाही. इथे गुन्हेगार वेगळा : शेक, घासणं, दाब.

नुसतं घासून, टोचून, जाळून कॅन्सर होतो का, हा त्या काळी मोठा वाद होता. जर्मनीचा थोर पॅथॉलॉजिस्ट फिर्खो म्हणायचा, होतो. सततच्या चिडीने पेशी बिघडतात. त्याच्याकडे शिकून गेलेल्या जपानच्या कात्सुसाबुरो यामागिवाने मग टोकियोत एक चिकाटीचा प्रयोग केला. कोइची इचिकावा या सहकाऱ्याला घेऊन सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोळशाचं डांबर चोळलं. १९१५ मध्ये त्यांनी कानावर प्रत्यक्ष कॅन्सर उगवलेला दाखवला! बिचाऱ्याला नोबेल मिळालं नाही. ते १९२६ चं पारितोषिक किड्यांमुळे कॅन्सर होतो म्हणणाऱ्या फिबिगेरला गेलं आणि तो सिद्धांत पुढे चुकीचा ठरला. हे वाचून मला यामागिवापेक्षा सशांचंच वाईट वाटलं, पण ते माझं झालं.

डांबर हे रसायन, त्यामुळे काजळीचा उलगडा त्याने झाला. नाडी-धोतराचा मामला थोडा निराळा आहे. इथे कोणी विष लावत नाही. सतत दाबलेल्या कातडीला रक्तपुरवठा कमी पडतो, ती विरते, फाटते. फाटलेली शिवायला पेशींना पुन्हा पुन्हा विभागावं लागतं. जितक्या वेळा नक्कल, तितक्या चुका व्हायची शक्यता. शिवाय जुन्या वणात लसिकावाहिन्या कमी असतात, त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना बिघडलेल्या पेशीचा सुगावा उशिरा लागत असावा, असाही एक अंदाज डॉक्टर मांडतात. जुन्या वणावर, भाजल्याच्या डागावर, न भरणाऱ्या जखमेवर असा कॅन्सर उगवला की त्याला मार्जोलिनचा अल्सर म्हणतात. जाँ-निकोला मार्जोलिन या फ्रेंच सर्जनने १८२८ मध्ये अशा जखमांचं वर्णन केलं होतं. त्या कॅन्सरच्या आहेत हे मात्र त्याने म्हटलेलं नव्हतं, त्याचं नाव त्यांना पुढे १९०३ मध्ये चिकटलं.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येते. खानोलकर-सूर्याबाईंचा लेख मला फार मोठा वाटतो. हॉस्पिटलात येणारा माणूस घरी काय खातो, काय नेसतो, तंबाखू कुठल्या गालात धरतो, हे विचारणं म्हणजे संशोधन, हे त्यांनी दाखवलं. त्याच वाटेने १९५५ मध्ये सांघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणं आणि चघळणं यांचा तोंडा-घशाच्या कॅन्सरशी संबंध मांडला, तो आज सगळ्या जगाला पाठ आहे. पण त्या १९४५ च्या नावात धोतर आहे, लुगडं नाही. आणि लुगडं तर त्याच जागी, तितकंच घट्ट, तितकीच वर्षं!

माझी आजी नऊवारी नेसायची. आत परकर वगैरे भानगड नाही. पहिला वेढा कमरेला करकचून घेऊन गाठ मारायची, मग निऱ्या, मग काष्टा. पैसे, चावी, सुपारीचं खांड, सगळं कनवटीला. एवढं सगळं पेलायचं तर वेढा घट्ट हवाच. शेवटची काही वर्षं मी तिला अंघोळ घालायचे तेव्हा कमरेभोवतीचा तो पट्टा दिसायचा. गुळगुळीत, काळपट, मध्ये पांढुरक्या रेघा. बैलाच्या खांद्याला जसा जुवाचा घट्टा पडतो तसा. "दुखतं का गं?" विचारलं तर म्हणायची, "नेसूचा वण आहे तो, त्याला काय दुखायचंय." तिला त्याचा काही त्रास झाला नाही, चांगली चौऱ्याऐंशी वर्षांची होऊन गेली. पण तो वण आमच्या घरात सगळ्यांनी पाहिलेला होता, आणि कोणीही त्याच्याकडे बघितलेलं नव्हतं.

त्या काळात बाया कमरेची जखम दाखवायला हॉस्पिटलात कितीशा जात असतील? कमरेचं दाखवायचं म्हणजे नेसूच सोडायचं, तेही परक्या पुरुष डॉक्टरसमोर. खोबरेल लावायचं, हळद भरायची, वर पुन्हा तीच गाठ मारायची. धोतराचं नाव आधी पडण्यामागे हेही एक कारण असावं, असा माझा अंदाज.

साडीचं नाव मला सापडतं ते थेट साठ वर्षांनी. २००३ मध्ये साडी नेसणाऱ्या बायकांच्या कमरेवरच्या त्वचारोगांवर भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात एक टिपण आलं : काळे पट्टे, खाज, जाड झालेली कातडी. आणि २००५ मध्ये 'बॉम्बे हॉस्पिटल जर्नल'मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी 'सारी कॅन्सर' असंच नाव दिलं. तोवर नऊवारी मागे पडून पाचवारी आणि परकर घरोघर रुळले होते. वेढा गेला, नाडी आली. खरं तर नाडी जास्त वाईट. लुगड्याचा दाब निदान चार बोटांत पसरतो, नाडी म्हणजे सुतळी. बारीक, गोल, आणि रोज त्याच रेषेवर. पाचवारीचा सगळा डोलारा त्या सुतळीवर उभा, म्हणून ती आवळायची. लग्नाकार्यात जड शालू असला की आणखी आवळायची. रात्री झोपतानाही साडीच, म्हणजे त्या कातडीला रात्रीचीही सुट्टी नाही.

मग आलं २०२४. 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन बायकांची हकीकत छापली. एक सत्तर वर्षांची. कुशीवर दीड वर्षं न भरणारी दुखरी जखम, आजूबाजूच्या कातडीचा रंग उडालेला. ती साडीच्या आत परकर घट्ट बांधायची. दुसरी साठीच्या उत्तरार्धातली. चाळीस वर्षं रोज लुगडं नेसलेली, आत परकर नाही. तिची जखम दोन वर्षांची. दोघींच्या जखमांचा तुकडा काढून तपासला तर दोन्ही मार्जोलिनचे अल्सर. दुसरीचा कॅन्सर जांघेतल्या एका गाठीपर्यंत पोचला होता. लेखकांचं म्हणणं असं की दोष साडीला देऊ नका, दोष नाडीच्या आवळण्याचा आहे, म्हणून याला 'पेटीकोट कॅन्सर' म्हणावं.

ही बातमी जगभर गेली, आणि नेहमीप्रमाणे 'साडी नेसल्याने कॅन्सर होतो' अशा थाटात आपल्या फोनवर परत आली. तेव्हा काही गोष्टी सरळ सांगते. हा कॅन्सर अत्यंत दुर्मिळ आहे. ज्यांच्या कमरेला काळा पट्टा आहे अशा बायका मोजायला बसलात तर अर्धा महाराष्ट्र मोजावा लागेल, आणि त्यातल्या बहुतेकींना आयुष्यात काही होत नाही. बघायचं ते एवढंच, की त्या पट्ट्यावर जखम आहे का, आणि ती भरतेय का. चार-सहा आठवड्यांत भरली नाही, कडा उचलल्या, रक्त येऊ लागलं, तर मलमं बदलत बसू नये, तुकडा तपासून घ्यावा. वेळेत कळलं तर आजूबाजूच्या थोड्या चांगल्या कातडीसकट तो भाग काढून टाकतात आणि बहुतेकदा काम तिथेच संपतं. जांघेतल्या गाठींपर्यंत गेला की मामला मोठा होतो.

हे सगळं मी आमच्या मोठ्या आत्याला फोनवर सांगितलं, तर तिने तिच्या स्वभावाप्रमाणे पेचच टाकला. "अगं, एकीला परकर घालून झाला आणि एकीला न घालून झाला. मग आम्ही करायचं तरी काय?" प्रश्न बिनतोड आहे. उत्तर असं की त्या डॉक्टरांनी सैल परकर घालायला सांगितलंय. साडीच्या आत परकर असावा, म्हणजे लुगड्याचा जाड वेढा थेट कातडीवर बसत नाही, पण त्याची नाडी आवळलेली नसावी. कातडीला त्रास दिसू लागला तर नेसू आणखी सैल करावं, म्हणजे ती भरून यायला वाव मिळतो. सुतळीसारख्या नाडीऐवजी दोन बोटं रुंद पट्टी शिवून घेतली तर दाब पसरतो, आणि गाठ रोज थोडी वर-खाली, कधी डाव्या कुशीला कधी उजव्या, घेतली तर एकाच रेषेवर भार येत नाही. रात्री गाऊन घालावा. आत्या म्हणाली, "गाऊन मी मेले तरी घालायची नाही, पण पट्टीचं बघते." परवा तिने तिच्या पाच परकरांना पट्ट्या शिवून घेतल्या, वर सुनेच्याही दोन परकरांना.