साग आणि आडजात

लाकूड-लिलावाच्या परिभाषेत 'आडजात' हा शब्द ठाण मांडून बसला आहे. साग तो साग. सागाखेरीज जे जे इमारती लाकूड, ते आडजात. एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याच्या वनअहवालांत याच अर्थाने 'इंजायली' हा शब्द भेटतो. असंख्य वृक्षांना 'सागेतर' अशी नकारात्मक ओळख का मिळाली, हा प्रश्न शहापूर-मुरबाडच्या रानात ऐनापाशी येऊन थांबतो.

ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. गाभा तपकिरी आणि त्यात गडद रेषा. रंगाने तो अमेरिकेतील काळ्या अक्रोडाच्या जवळचा वाटतो. स्वभावाने मात्र नाही. अक्रोड घनमीटरला सुमारे ६१० किलो भरतो, साग ६५० आणि ऐन ८५०. अक्रोड रंध्याला वश होतो, वाळल्यावर आकार धरून राहतो; म्हणून त्याची कपाटे आणि बंदुकीचे दस्ते झाले. ऐन हत्यारांची धार बोथट करतो आणि घाईने वाळवला तर तडकतो. गावच्या सुताराने त्याचा कणखरपणा ओळखून त्याला खांब, तुळया आणि शेतीची अवजारे यांत जागा दिली. परदेशी लाकूडबाजाराने याच ऐनाला 'इंडियन लॉरेल' म्हणून दिवाणखान्यात नेले; लॉरेलशी त्याचे काही नाते नसतानाही.

साग पहिल्यापासून राज्यकर्त्यांचा. अंगच्या तेलामुळे तो पाण्यात टिकतो, म्हणून आरमाराला हवा. आरमारासाठी साग तोडायचा तो परवानगीने, अशी शिस्त 'आज्ञापत्रा'तही आहे. १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. १८६१ मध्ये लोहमार्ग कसाऱ्यापर्यंत पोचला आणि हे रान मुंबईच्या बाजाराला जवळ आले.

शेतकऱ्याचे गणित निराळे होते. भाताचे रोप टाकण्यापूर्वी वाफ्यावर फांद्या, पाने, शेण, गवत पसरून जाळायचे, म्हणजे राब करायचा. त्यासाठी ऐनाची फांदी हवी. बुंधा उभा राहिला तरच पुढच्या वर्षी फांदी मिळणार. १८७८ च्या वनकायद्यानंतर या तोडीवर बंधने आली, ठाणे-कुलाबा भागात असंतोष वाढला, आणि १८८५ मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. राबाचा हक्क हा त्या वादाचा गाभा होता. सरकारदरबारी दुय्यम ठरलेले झाड कुणब्या-ठाकरांच्या भाताचा आधार होते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकी मान्य केली. इमारती लाकूड मात्र त्या व्याख्येबाहेरच राहिले. पान-फांदी लोकांची आणि बुंधा सरकारचा, ही जुनी वाटणी फारशी हललेली नाही.

वाङ्मयेतिहास शिकवताना आपणही 'संकीर्ण' नावाचे एक प्रकरण शेवटी जोडतो आणि वेळ उरला तर शिकवतो. वर्गीकरण वस्तूच्या गुणांवरून झाले की वर्गीकरण करणाऱ्याच्या गरजेवरून, हे विचारण्याची सवय तिथेही लागायला हवी. ऐनापुरते उत्तर तरी राबाच्या त्या वादात नोंदलेले आहे.