शिळाप्रेसच्या पोथीची कुळकथा

जुन्या पुस्तकांच्या बाजारात शिळाप्रेसच्या, म्हणजे दगडावरून छापलेल्या, पोथीइतके बेवारस दुसरे काही नसते. सुटी लांबट पाने, वर-खाली लाकडी फळ्या, भोवती विटलेले बासन. विकणारा ती हस्तलिखित म्हणून पुढे करतो. गिऱ्हाईक जाणते निघाले आणि ‘अहो, ही छापील आहे’ म्हणाले की भाव पडतो. हस्तलिखिते जमवणारा तिला हात लावत नाही, कारण ती छापील. छापील पुस्तके जमवणाऱ्याला ती पुस्तकच वाटत नाही, कारण तिला ना शिवण ना बांधणी. या दोघांच्या भांडणात एकोणिसाव्या शतकातल्या मराठीचा केवढा तरी ऐवज रद्दीत गेला.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत धातू कागदात रुततो, म्हणून पानामागून बोट फिरवले की बारीक उठाव लागतो. शिळाछापाचे पान मागून सपाट असते. खिळ्याचा ‘क’ पुस्तकभर एकच. शिळाछापात एका ओळीत चार ‘क’ आले तर चौघांची वळणे वेगळी. ओळ संपत आली की अक्षरे खेटून बसतात आणि राहून गेलेला शब्द समासात चढतो. हे सगळे हस्तलिखितातही असते, म्हणून शेवटी शाई बघायची. बोरू दौतीत बुडवला की अक्षर गडद उमटते आणि पुढे फिके होत जाते. शिळाछापात काळेपणा एकसारखा राहतो.

या पोथीचे कूळ शोधायचे तर आधी तिच्या थोरल्या भावंडांना भेटावे लागते. नाना फडणीसांच्या काळात पुण्यात तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरे कोरून गीता छापण्याचा घाट घातला गेला. 1800 साली नाना वारले, काम अडले, आणि पुढे मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने 1805 मध्ये ती गीता छापून निघाली. ती अक्षरे कोरणारा एक तांबट होता. त्याच 1805 साली बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण खिळ्यांनी छापले गेले. पुस्तकावर नाव केरीचे; त्याला मराठी पुरवणारे पंडित वैजनाथ आज कोशांच्या आणि वाङ्मयेतिहासाच्या तळटिपांत सापडतात. मराठी छपाईच्या आरंभीच पायंडा पडला तो हा: एकाचे नाव, दुसऱ्याचा हात.

शिळाछापाचा जनक मात्र नाटककार होता. आलोइस सेनेफेल्डर याचा जन्म 1771 मध्ये प्रागचा, आयुष्य गेले बव्हेरियात. स्वतःची नाटके छापायला पैसे नव्हते म्हणून तो स्वस्त उपाय धुंडाळत होता. 1796 च्या सुमारास धोब्याला द्यायच्या कपड्यांची यादी त्याने हाताशी कागद नव्हता म्हणून चुनखडीच्या दगडावर खरडली, आणि तिथून या शोधाला वाट मिळाली, अशी त्याचीच सांगितलेली हकीकत आहे. तत्त्व इतकेच की तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर स्निग्ध शाईने लिहायचे, दगड ओला करायचा, वरून छपाईच्या शाईचा रूळ फिरवायचा. ओला दगड शाई झिडकारतो, स्निग्ध अक्षरे ती धरून ठेवतात. वर कागद ठेवून दाब दिला की छाप तयार. लिहिलेले उलटे उमटते, म्हणून एकतर दगडावर उलटे लिहायला शिकायचे किंवा खळ लावलेल्या कागदावर सुलटे लिहून ते दगडावर उतरवून घ्यायचे. ही दुसरी युक्ती सेनेफेल्डरला आपल्या शोधाचा सर्वांत मोलाचा भाग वाटे. मराठीच्या बाबतीत त्याचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले.

कारण देवनागरीचे खिळे पाडणे हे पैशाचे आणि धीराचे काम होते. जोडाक्षरे, वर-खाली बसणाऱ्या मात्रा आणि उकार धरून खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाई. मोडीचे तर विचारायलाच नको. हात न उचलता लिहायची ती लिपी तुकड्यातुकड्यांनी जुळवणे म्हणजे छळ. शिळाप्रेसला यातले काहीच लागत नसे. दगड, शाई, दाबयंत्र आणि चांगल्या अक्षराचा माणूस पुरे. त्या काळी महाराष्ट्रात चांगल्या अक्षराच्या माणसांचा तुटवडा नव्हता. पेशवाई 1818 मध्ये बुडाली होती आणि दफ्तरातले कारकून, पोथ्या उतरवणारे भट, हिशेबनीस असे कितीतरी बोरूबहाद्दर काम शोधत होते. 1820 च्या दशकात मुंबई सरकारने शिळाछाप हाताशी धरला आणि शाळेची पुस्तके निघू लागली.

खरा संसार उभा केला तो गणपत कृष्णाजी पाटील यांनी. जातीने भंडारी, अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम केलेला हा माणूस. तिथली छपाई पाहून त्यांनी घरी स्वतःच्या हातांनी यंत्र जुळवले, दगडाचा लहानसा तुकडा मिळवून प्रयोग केले, शाईही स्वतः बनवली. 1831 मध्ये, म्हणजे शके 1753 चे, मराठी पंचांग त्यांनी छापून विकले. तोवर पंचांग हाताने उतरवले जाई आणि ब्राह्मणाच्या तोंडून ऐकले जाई. ते एका भंडाऱ्याने दगडावरून छापून बाजारात आणावे ही त्या वेळी लहान गोष्ट नव्हती. गोविंद नारायण माडगावकरांनी 1863 च्या ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकात त्यांच्याविषयी आदराने लिहून ठेवले, म्हणून निदान इतके तरी आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्या काळ्याभोर शाईचा लौकिक होता. आज त्यांच्या छापखान्याचे पान हाती आले की प्रथम नजर त्या काळेपणावरच ठरते.

शाईत जनावराची चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील कागदाला शिवत नसत, तेव्हा धर्मग्रंथांसाठी तुपाची शाई केली गेली असे सांगतात. यातली गंमत मला नेहमी वाटत आली आहे. शिळाछाप चालतोच मुळी स्निग्धतेवर. चरबीला नाके मुरडणाऱ्यांनी पारायणे केली ती या ना त्या स्नेहाने उमटलेल्या अक्षरांचीच.

आता पोथीच्या रूपाकडे या. छापखाना आला तरी पोथीने आपली चाल सोडली नाही. आडवी सुटी पाने, दोन्ही बाजूंना रेघांचे समास, पानाच्या कडेला ग्रंथाचे आखूड नाव आणि पत्रांक, सगळे हस्तलिखितासारखे. खिळ्यांना हे अवघड गेले असते, दगडाला सहज जमले. सोवळ्यात पाटावर बसून वाचणाऱ्याला आपण काही नवे हाताळतो आहोत असे वाटलेच नसावे. बाळशास्त्री जांभेकरांनी 1845 मध्ये ज्ञानेश्वरी छापली ती शिळाप्रेसवरच. ‘दर्पण’ हे पत्र खिळ्यांवर काढणाऱ्या माणसाने ज्ञानेश्वरीसाठी दगड निवडावा, यावरून वाचकाची नाडी त्याला किती नेमकी कळली होती ते दिसते. पुढे मुंबईत बापू सदाशिव हेगिष्टे यांच्यासारख्यांनी आणि पुण्यातल्या छापखान्यांनी शिळाछाप पोथ्यांचा धंदा भरभराटीला आणला. श्रीधराचे ग्रंथ, स्तोत्रे, माहात्म्ये, वैद्यक, ज्योतिष. काहींत मजकुराच्या मध्येच चित्रेही.

या चित्रांचे आणि अक्षरांचे धनी कोण? पोथीच्या शेवटी छापखान्याच्या मालकाचे नाव येते, गाव येते, शके येतो. ज्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक अक्षर लिहिले त्याचे नाव क्वचितच. काम झाले की दगड घासून पुढच्या पानासाठी कोरा केला जाई, त्यामुळे मूळही उरले नाही. लेखनिकाच्या हाताचा पुरावा म्हणजे ती पोथी, दुसरा नाही. माझ्या मते शिळाप्रेसची पोथी जमवायची ती या हातासाठी. मजकूर कुठल्याही नव्या आवृत्तीत मिळतो.

हात दिसेनासा होण्याची हीच कथा विद्वानांच्या घरीही आहे. भगवानलाल इंद्रजी (1839–1888) जुनागढचे, डॉ. भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेले. इंग्रजी शाळा त्यांच्या वाट्याला आली नव्हती. ते गुजरातीत लिहीत आणि इतर विद्वान त्याचे इंग्रजी करीत. नाणेघाट, नाशिक, कार्ले, कान्हेरी इथले शिलालेख त्यांनी स्वतः फिरून उतरवले, 1882 मध्ये सोपाऱ्याचा स्तूप खणला. नियतकालिकांतल्या त्यांच्या निबंधांना जोडलेले या शिलालेखांचे छाप हल्ली लोक उलटून पुढे जातात. 1881 मध्ये पुरातत्त्वज्ञ बर्जेस यांच्याबरोबर त्यांच्या नावाने निघालेला पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या शिलालेखांचा ग्रंथ मुंबईच्या सरकारी छापखान्यातला. तो जुन्या बाजारात दिसला तर सोडू नका.

चित्रकारांचे नशीब याहून फारसे बरे नव्हते. मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी 1872 ते 1885 या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांतले आघाडीचे. 1896–97 मध्ये दोन भव्य खंड निघाले ते त्याच कलाशाळेतल्या जॉन ग्रिफिथ्स यांच्या नावाने, आणि आजही ते ‘ग्रिफिथ्सचे अजिंठा’ म्हणूनच विकले जातात. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1878 मध्ये सहकाऱ्यांबरोबर चित्रशाळा काढली. तिच्या रंगीत देवादिकांनी आणि पेशवाईतल्या पुरुषांनी घरोघरच्या भिंती भरल्या. चित्राखाली छाप चित्रशाळेचा. चितारी कोण, ते बघणाऱ्याला कळत नाही.

पोथीचा उतार सुरू झाला तो जावजी दादाजी आणि राणोजी रावजी आरू यांच्यामुळे. अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात पोरवयात शिरलेल्या जावजींनी 1864 मध्ये खिळ्यांचा कारखाना काढला, 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना. आरूंनी कोरलेले देवनागरी खिळे इतके देखणे होते की दगडाची मातब्बरी संपली. निर्णयसागरचे नाव आपल्याला पाठ आहे. आरूंचे किती जणांना?

अशा पुस्तकांच्या नोंदींचा आणि जतनाचा इतिहास तोकडा. 1867 च्या पंचविसाव्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची सरकारदरबारी नोंद होऊ लागली, म्हणून त्याआधीच्या मराठी पुस्तकांना अभ्यासक दोलामुद्रिते म्हणतात. शं. ग. दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ 1800 पासून पुढची पुस्तके नोंदवते. अ. का. प्रियोळकरांनी 1958 मध्ये भारतातल्या छपाईचा इतिहास इंग्रजीत लिहिला. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांनी यांतला मोठा ठेवा सांभाळला. पण सूची लावली जाते ग्रंथकाराच्या, ग्रंथाच्या किंवा विषयाच्या नावाने. लेखनिकाच्या नावाने शोधायची सोय त्यात नाही.

म्हणून घरच्या माळ्यावर किंवा देवघरात असे बासन सापडले तर एवढे करा. पाने सुटी आहेत म्हणून फाटक्यांना चिकटपट्टी लावू नका आणि जाड पुठ्ठ्यात शिवून घेऊ नका. कसर लागली असेल तर पोथी उन्हात टाकू नका, सावलीत हवा द्या. शेवटचे पान वाचा; शके दिला असेल तर त्यात 78 मिळवले की साधारण इसवी सन येतो. लेखनिकाचे नाव मिळाले तर ते वहीत टिपा, पानाचे छायाचित्र काढा आणि जवळच्या ग्रंथसंग्रहालयाला कळवा. पोथी तुमच्याकडेच राहू द्या. नाव मात्र त्यांच्यापर्यंत पोचवा.