वसईचा तह (१८०२)

वसईचा तह : दुसरा बाजीराव पेशवा व इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसई (आताचा पालघर जिल्हा) येथे झालेला संरक्षणाचा करार. कंपनीच्या वतीने वाटाघाटी पुण्याचा रेसिडेंट बॅरी क्लोज याने केल्या. कलमे १९. शाळेच्या पुस्तकात हा तह दोन ओळींत आटोपतो, आणि पळपुट्या बाजीरावाने घाबरून सही केली एवढेच ध्यानात राहते. प्रत्यक्षात पुणे दरबारात कंपनीची फौज घ्यावी की नाही याचा खल काही वर्षे चालला होता.

खर्ड्याला १७९५ मध्ये निजामाला नमवणारी मराठी सत्ता १८०० च्या सुमारास घरच्या भांडणांनी पोखरली होती, तरी कुणाच्या पंखाखाली जावे इतकी दुबळी झाली नव्हती. निजामाने १७९८ मध्ये तैनाती फौज, म्हणजे आपल्या खर्चाने आपल्या मुलखात ठेवायची कंपनीची फौज, पत्करली. पुढच्याच वर्षी श्रीरंगपट्टणला टिपू पडला. टिपूच्या मुलखाचा एक तुकडा गव्हर्नर जनरल वेलस्लीने पेशव्यांपुढे धरला, पण त्याच्या अटी पुण्याला पटल्या नाहीत आणि तो तुकडा नाकारला गेला. नाना फडणीस तेव्हा हयात होते. १३ मार्च १८०० रोजी ते वारले. नानांमागे बाजीरावानेही घासाघीस सोडली नाही. खर्च देतो, पण पलटणी तुमच्याच मुलखात ठेवा, बोलावू तेव्हा पाठवा, असे त्याचे म्हणणे. मदत हवी पण उंबऱ्याबाहेर, ही भूमिका मूर्खपणाची नव्हती. वेलस्लीला मात्र पलटणी उंबऱ्याच्या आतच हव्या होत्या.

घासाघीस संपली ती विठोजी होळकरामुळे. एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावाने त्याला हत्तीच्या पायी दिले. भाऊ यशवंतराव फौज घेऊन पुण्यावर आला आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरच्या लढाईत पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा त्याने धुव्वा उडवला. त्याच दिवशी बाजीरावाने सहा पलटणी घेण्याची कबुली क्लोजकडे पोचवली. मग सिंहगड, रायगड, महाड असे करत तो सुवर्णदुर्गास गेला आणि तेथून इंग्रजांच्या जहाजाने डिसेंबरच्या मध्यास वसईत उतरला.

या जहाजापाशी जरा थांबायला हवे. सुवर्णदुर्ग हा आंग्र्यांच्या आरमाराचा किल्ला. तुळाजी आंग्रे जुमानत नाही म्हणून नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी संगनमत केले. त्याच वर्षी कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग जिंकला आणि तुळाजीची गलबते बंदरातच जळाली. सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट या सौद्यात इंग्रजांना मिळाले. एका हट्टी सरदाराचा बंदोबस्त झाला, पण समुद्रावर इंग्रजांना अडवील असे बळ कोकणात उरले नाही. ४७ वर्षांनी त्याच सुवर्णदुर्गावरून नानासाहेबांच्या पुतण्याला निसटायचे होते, तर गलबत इंग्रजांचे घ्यावे लागले. तहाची खरी बोलणी तिथेच संपली होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वसई तेव्हा पेशव्यांचीच होती. चिमाजी आप्पांनी ती मे १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून जिंकली. १७८० च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती गॉडर्डने घेतली, पण १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती परत आली. खाडीपलीकडची साष्टी मात्र इंग्रजांनी ठेवून घेतली. म्हणजे १८०२ मध्ये खाडीच्या उत्तर काठाला पेशव्यांचा अंमल आणि समोरच्या काठाला कंपनीचा.

अटी : एकाचा शत्रू-मित्र तो दुसऱ्याचाही. निदान सहा हजार कवायती पायदळ, तोफखान्यासह, पेशव्यांच्या मुलखात कायम राहील. खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यावा. इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपीय राष्ट्राच्या माणसाला चाकरीत ठेवू नये. सुरतेवरचा हक्क सोडावा. निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यांत कंपनीचा निवाडा मानावा. कंपनीला विचारल्याविना कोणत्याही सत्तेशी बोलणी वा युद्ध करू नये. पहिले कलम बरोबरीचे, शेवटची ही अट मालकीची.

१३ मे १८०३ रोजी बाजीराव कंपनीच्या संरक्षणात पुन्हा गादीवर बसला. शिंदे व नागपूरकर भोसले यांना तह मान्य नव्हता. असई (२३ सप्टेंबर), अडगाव (२९ नोव्हेंबर) आणि गाविलगड येथे त्यांचा पाडाव झाला. ज्या पलटणी बाजीरावाने मागितल्या त्याच १८१७ मध्ये त्याच्यावर उलटल्या. ३ जून १८१८ रोजी तो इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला, आणि वर्षाला आठ लाखांचा तनखा घेऊन कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास गेला.

वसईने असा सौदा आधीही पाहिला होता. हुमायूनच्या धाकाने गुजरातच्या बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ रोजी पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्याशी तह करून वसई देऊन टाकली. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या जहाजांनी वसईला येऊन परवाना घ्यायचा आणि शहाने आपल्या बंदरांत लढाऊ गलबते बांधायची नाहीत, अशा अटी होत्या. १५३७ मध्ये दीवच्या समुद्रात पोर्तुगिजांशी झालेल्या झटापटीत शहा मेला.

आजच्या चर्चेत : अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया या लोकशाही आरमारी राष्ट्रांशी भारताने किती जवळीक करावी, या वादात तैनाती फौजेचा दाखला अधूनमधून निघतो. तो जसाच्या तसा लागू पडत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेशी आणि २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया व जपानशी झालेले करार इंधन, रसद, दुरुस्ती यांपुरते आहेत. त्यांत परकी तळ नाही, कायमची पलटण नाही. दर खेपेला विचारायचे आणि बिल चुकते करायचे. बाजीरावाला १८०० मध्ये हवे होते ते काहीसे असेच. १९९२ मध्ये अमेरिकेसह सुरू झालेल्या ‘मलबार’ सरावात २०२० मध्ये चारही आरमारे उतरली. दुसरा टप्पा १७ ते २० नोव्हेंबरला अरबी समुद्रात झाला. अमेरिकेची ‘निमिट्झ’ आणि कारवारच्या तळावरची आपली ‘विक्रमादित्य’ या दोन विमानवाहू नौका त्यात होत्या.