एका तासाची मुदत

11 एप्रिल 1861, दुपारी पावणेचार. चार्ल्स्टन बंदराच्या तोंडाशी असलेल्या फोर्ट सम्टरला पांढरं निशाण लावलेली एक होडी लागते. तिच्यातून उतरणारा कर्नल जेम्स चेस्नट पेशाने सैनिक नव्हे. साउथ कॅरोलायनातला तो वकील, शेकडो गुलामांच्या घामावर पोसलेल्या कापसाच्या मळ्यांचा वारस. लिंकन निवडून येताच सिनेटचा राजीनामा देणारा दक्षिणेतला पहिला सदस्य. दक्षिणेच्या बंडखोर फौजेचा चार्ल्स्टनमधला सेनापती जनरल बोरेगार्डचा निरोप त्याने आणलाय: किल्ला खाली करा.

साडेचारच्या सुमारास किल्ल्याचा संघराज्याचा कमांडर मेजर अँडरसन लेखी नकार देतो. पण होडी निघताना बोलून जातो, की तुमच्या तोफांनी आमच्या चिंधड्या उडवल्या नाहीत, तरी थोड्याच दिवसांत उपासमारीने आम्ही निघूच. रक्त न सांडता सुटण्याची वाट समोर आली होती. फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचं माँटगोमेरीतलं बंडखोर सरकारही तारेने कळवतं: अँडरसन निघण्याची वेळ सांगत असेल, तर तोफा डागू नका.

ती वेळ विचारायला रात्री पाऊण वाजता होडी पुन्हा किल्ल्याला लागते. अँडरसन अडीच तास अधिकाऱ्यांशी खल करतो.

सव्वातीन. उत्तर येतं: 15 तारखेच्या दुपारपर्यंत निघतो, मात्र तोवर वॉशिंग्टनहून वेगळा हुकूम किंवा रसद आली नाही तर.

या रात्रीतली मला सर्वांत भयंकर वाटतात ती यानंतरची पाच मिनिटं. चेस्नट त्या ‘जर-तर’वरच बोट ठेवतो. रसदीची जहाजं निघाली आहेत हे त्याला ठाऊक आहे, त्यामुळे त्याची शंका खोटी म्हणता येत नाही. निर्णयाचा अधिकारही त्याला दिलेला आहे. पण बोरेगार्ड शहरातच आहे, होडीच्या अंतरावर. त्याला विचारून यायला काय हरकत होती? चेस्नट विचारत नाही.

तीन वाजून वीस मिनिटं. तिथेच लिहिलेल्या चिठ्ठीवर चेस्नट आणि त्याच्यासोबत आलेला अधिकारी स्टीफन ली सह्या करतात: आतापासून एका तासाने तोफा सुरू होतील.

चार वाजता बंडखोरांच्या ताब्यातल्या फोर्ट जॉन्सनवर हुकूम पोचतो. शहरात चेस्नटची पत्नी मेरी घड्याळाचे टोल ऐकत जागी आहे.

साडेचार. पहिला गोळा सम्टरच्या माथ्यावर फुटतो.

34 तासांच्या त्या भडिमारात एकही सैनिक मेला नाही. पुढच्या चार वर्षांच्या गृहयुद्धात सहा लाखांहून अधिक मेले. आणि ज्या गुलामगिरीसाठी हे सारं पेटवलं, ती डिसेंबर 1865 मध्ये घटनादुरुस्तीने देशभर बेकायदा ठरली.